बॉनेट उघडायचं नाही

जुनी गाडी घ्यायची ठरवलीत, अभिनंदन. लाख-दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी घ्यायला छाती लागते, आणि एवढी छाती असलेल्या माणसाने इंजिनासारख्या किरकोळ बाबीत लक्ष घालू नये. इंजिन बॉनेटखाली असतं, त्यामुळे ते पाहुण्यांना दिसत नाही. जे दिसतं ते बघावं. सीटकव्हरं बघावीत.

गाडी बघायला सकाळी सकाळी, न कळवता तर मुळीच जाऊ नये. काही रीतभात आहे की नाही? आदल्या रात्री फोन करून "बरोबर अकराला येतो" असं सांगावं. म्हणजे पावणेअकराला गाडी विकणारे काका गाडी काढतात, सोसायटीभोवती दोन चकरा मारतात आणि इंजिन छान शेकून ठेवतात. थंड इंजिन आणि झोपेतून उठवलेलं माणूस, दोघंही खरं बोलायची भीती असते. पहिल्याच चावीला पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल सांभाळणारी टायमिंग चेन खडखडेल, सायलेन्सरमधून निळा भपका येईल, आणि सकाळी सकाळी सगळ्यांचाच मूड जाईल. आता काही आगाऊ लोक बोलणं सुरू व्हायच्या आत बॉनेटवर तळहात ठेवून ते आधीच तापलंय का ते बघतात. भेटायला गेलेल्या घरी आपण यजमानांच्या कपाळाला हात लावून ताप बघतो का?

तरीही धूर दिसलाच तर त्याच्याकडे रसिकतेने बघावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्हची सीलं गेलीत, असं गॅरेजवाले म्हणतात. त्यांचं पोटच त्यावर आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, इंजेक्टर नाहीतर टर्बो बघा, हेही तेच म्हणतात. पांढऱ्याची गोष्ट वेगळी. गारठ्यात थोडी पांढरी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात आणि इंजिन तापलं की ती थांबते. ती थांबलीच नाही, वर तिला गोडसर वास आला, तर इंजिन गार ठेवणारं कुलंट सिलिंडरमध्ये शिरतंय असा एक समज आहे. आपण त्याला पुण्याची थंडी म्हणावं. मे महिन्यातसुद्धा.

मीटरबद्दल मात्र संपूर्ण श्रद्धा हवी. नऊ वर्षांची गाडी आणि मीटरवर ४२ हजार. कोथरूडहून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, वर्षाचे अडीचशे दिवस, म्हणजे वर्षाला १० हजार आणि नऊ वर्षांचे ९०, ही आकडेमोड चौथीच्या मुलांसाठी आहे. काका सांगतात, गाडी फक्त रविवारी तळजाईला न्यायचो, तर तेच खरं. रविवारच्या तळजाईने क्लचच्या पेडलचं रबर टकलासारखं गुळगुळीत आणि स्टिअरिंगचं कातडं चकचकीत कसं झालं, हे विचारू नये. काकांचा हात-पाय जड असेल. त्यांना सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलात तर दर खेपेला किती किलोमीटरवर गाडी आली होती ते तिथल्या कॉम्प्युटरवर निघतं, म्हणून तर तिकडे फिरकूच नये. पाच वर्षांपूर्वीच ७१ हजार झालेले दिसले तर काकांना काय वाटेल?

उलट एखादा आगाऊ विक्रेता मीटरवर सरळ एक लाख साठ हजार दाखवतो. वर पिशवीभर पावत्या पुढे करतो: दर १० हजार किलोमीटरला ऑइल, फिल्टर, कधी वॉटर पंप, कधी कुलंट. बहुतेक पळणं पुणे-कोल्हापूर हायवेवर, पाचव्या गिअरमध्ये. अशा गाडीकडे बघून तोंड वाकडं करावं आणि "फार चाललीय हो" म्हणून उठावं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन तासभर फिरतच असतं, फक्त मीटर पुढे जात नाही. म्हणजे कमी चाललेली गाडी! आणखी काय हवं?

कोणतं इंजिन आहे हे विचारायची तर गरजच नाही. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल आपल्या शेजारी रांजणगावला बनायचं. इंडिका व्हिस्टात तेच, पुंटोत तेच, आणि मारुतीच्या स्विफ्टमध्येही त्याच घराण्याचं. लोक त्याला कौतुकाने राष्ट्रीय इंजिन म्हणत. त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेन बदलावी लागत नाही, एवढं अर्धवट ज्ञान पुरे. ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात हीच चेन सैल पडते, हा उरलेला अर्धा भाग ऐकू नये. बेल्टवाली गाडी असेल तर बेल्ट कधी बदलला हे विचारणं म्हणजे अपशकुन. लाखभर किलोमीटरच्या आसपास तो बदलायचा असतो. नाही बदलला आणि चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, मग सगळं हेडच, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवावं लागतं. असलं अभद्र बोलून कोणाच्या व्यवहारात विघ्न आणू नये.

सोबत मिस्तरी नेऊ नये. तो पाचशे रुपये घेतो आणि चहाही न पिता थेट बॉनेट उघडतो. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवतो आणि ते नाचतंय का बघतो. नाचलं, खालून भसाभस वाफ आली, की म्हणतो, बॅक मारतंय, म्हणजे सिलिंडरातला वायू खाली गळतोय, रिंगा गेल्या. मग झाकण उलटं करून बघतो. खाली दुधाच्या सायीसारखा थर दिसला की ऑइलमध्ये पाणी गेलंय म्हणतो. ऑइल मोजायची डिपस्टिक काढून तिच्यावरचं ऑइल बोटांत चोळतो. ऑइल फारच दाट लागलं की इंजिनाचा आवाज दाबायला काहीतरी ओतलंय म्हणून शंका काढतो. संशयी माणूस! त्याऐवजी मेहुण्याला न्यावं. मेहुणा टायरला लाथ मारतो, म्युझिक सिस्टीमचा आवाज वाढवून बघतो आणि "घेऊन टाका दाजी" म्हणतो. नातंही टिकतं.

कागदपत्रं काय, सह्या केल्या की झालं. आधीचं कर्ज उतरलंय का ते नंतर कधीतरी कळतंच.

हे सगळं मी स्वतः करून पाहिलेलं आहे, म्हणून इतक्या खात्रीने सांगतोय. काका सज्जन, एमएच-१२ चा नंबर, सीटकव्हरं तपकिरी, शिलाई उठून दिसणारी. बॉनेटखाली इतकं चकाचक धुतलेलं की तिथे ताट वाढावं. पाच हजार कमी करून घेतले आणि मेहुण्याने तिथल्या तिथे पार्टी मागितली. पहिल्याच रविवारी गाडी खंडोबाच्या पायावर घालायला जेजुरीला निघालो.

वडकी सोडून दिवे घाट लागला. मागे सासूबाई, मांडीवर नारळाची पिशवी. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुरकुरायला लागली, तशी मी एसी बंद केली. तापमानाचा काटा मधोमध होता, तो एका वळणात वर गेला आणि पुढच्या वळणात लाल पट्टीला टेकला. बॉनेटच्या फटींतून वाफ आली. कडेला थांबलो. खाली मस्तानी तलाव इतका सुरेख दिसत होता की दोन गाड्या फोटो काढायला थांबल्या. त्यातल्या एकाने आमच्या गाडीचाही काढला. "येळकोट येळकोट" करत एक टेम्पो वर गेला. सासूबाई म्हणाल्या, नारळ इथेच फोडा.

टो करून गॅरेजला आणली. मिस्तऱ्याने गाडी पुरती थंड होऊ दिली, मग रेडिएटरचं झाकण काढलं. आत कुलंट नव्हतंच, नळाचं पाणी होतं, गंजाने चहाच्या रंगाचं. हेड गॅस्केट उडालेलं, हेड वाकलेलं, फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवायला लागणार. पाच हजार वाचवले होते, त्याच्या सातपट बिल. मग त्याने ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि आमच्यापुढे उलटं धरलं. साय होती, चांगली जाड. ताक घुसळावं इतकी.

"साहेब, घेताना हे उघडून बघितलं नव्हतं का?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "ह्यांनी सीटकव्हरं बघितली होती."

मिस्तऱ्याने दार उघडून आत वाकून पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "कव्हरं चांगली आहेत."