तिथे युनिट कितीला पडतं?

बाबा बोर्डात होते. बोर्ड म्हणजे एमएसईबी, राज्याचं वीज मंडळ; आमच्या लहानपणी चिपळुणात दुसरं कुठलं बोर्ड कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी जगातल्या कुठल्याही गावाची चौकशी ते याच एका प्रश्नाने करतात. नोव्हेंबरात फोनवर मी सहज म्हटलं, "बाबा, आज वीजदर ठरवणाऱ्या आयोगाच्या दोन जागांसाठी मतदान करून आलो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे आपला तो महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग, एमईआरसी? त्याची निवडणूक? आणि मतदान लोक करतात?"

करतात. मी राहतो तिथे, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात करतात. आणि खरं सांगायचं तर मलाही हा प्रकार बरीच वर्षं खुळचटच वाटायचा.

इथे गव्हर्नर (नावावर जाऊ नका, हा राजभवनातला नव्हे, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागचा) लोक निवडतात हे समजण्यासारखं आहे. पण त्याच मतपत्रिकेवर खाली सेक्रेटरी ऑफ स्टेट, ॲटर्नी जनरल, कृषी आयुक्त, विमा आयुक्त, कामगार आयुक्त, शाळा खात्याचा प्रमुख, सगळे रांगेत उभे. प्रत्येकासाठी अख्ख्या राज्याने वेगळं मत द्यायचं. विमा आयुक्त कोण असावा हे मला काय कळतंय? नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्या एक-दोन निवडणुकांत मी वरच्या दोन-तीन ओळी विचार करून भरल्या आणि खालच्या पक्ष बघून. काही तर कोऱ्याच सोडल्या. इथल्या मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांनी तेच केलं असणार, कबूल मात्र कुणी करत नाही.

त्या खालच्या ओळींतलीच एक म्हणजे पब्लिक सर्व्हिस कमिशन. 1879 साली रेल्वेची भाडी आवाक्यात ठेवायला सुरू झालेला हा आयोग आज वीज, गॅस आणि टेलिफोन बघतो. पाच सदस्य, सहा वर्षांची मुदत. सदस्य आपल्या जिल्ह्यात राहणारा हवा, पण मत सगळ्या राज्याने द्यायचं. जॉर्जिया पॉवर ही खासगी कंपनी 27 लाखांहून जास्त ग्राहकांना वीज देते, तिने किती दर लावायचा आणि कुठला प्रकल्प बांधायचा हे हे पाच जण ठरवतात. 2025 च्या आधी पाचही जण रिपब्लिकन होते.

4 नोव्हेंबर 2025 ला त्यातल्या दोन जागा गेल्या. पीटर हबर्ड आणि ॲलिशिया जॉन्सन हे दोन डेमोक्रॅट निवडून आले, दोघांनाही 60 टक्क्यांच्या वर मतं. हरले फिट्झ जॉन्सन आणि टिम एकल्स. (हो, दोन जॉन्सन. वेगळे पक्ष, वेगळ्या जागा. आमच्या वॉट्सॲप ग्रुपवर यावरून रात्री अकरापर्यंत गोंधळ चालला होता.) राज्य सरकारातल्या अशा राज्यव्यापी पदावर डेमोक्रॅट निवडून येण्याची 2006 नंतरची ही पहिलीच वेळ.

हे घडलं कशामुळे, ते सांगतो. चिपळूणकराला ते पटकन कळेल.

ऑगस्टाजवळ सव्हाना नदीच्या काठी व्होगल नावाचं अणुवीज केंद्र आहे. तिथे आणखी दोन अणुभट्ट्या बांधायला आयोगाने 2009 साली परवानगी दिली. अंदाज 14 अब्ज डॉलरचा. 2011 पासून, म्हणजे एक युनिटही तयार व्हायच्या आत, त्या बांधकामाचा आकार ग्राहकांच्या बिलात लागू झाला. 2017 मध्ये अणुभट्ट्या पुरवणारी वेस्टिंगहाऊस दिवाळखोरीत गेली. थांबायचं की पुढे जायचं, असा प्रश्न आयोगापुढे आला. आयोग म्हणाला, पुढे जा. शेवटी एक भट्टी जुलै 2023 मध्ये आणि दुसरी एप्रिल 2024 मध्ये सुरू झाली. सात वर्षं उशीर, आणि खर्च 30 अब्जांच्या पार. याच सुमारास दोन-अडीच वर्षांत सहा वेळा दर वाढले.

हे वाचताना गुहागरची आठवण होत नसेल तर तुम्ही कोकणातले नाही.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीज प्रकल्पाला जग "दाभोळ" म्हणतं, पण तो दाभोळात नाही. खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरला आहे. 1993 साली करार झाला. किती वीज घ्यायची, डॉलर वधारला तर काय करायचं, हे सगळं बोर्डाच्या गळ्यात. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतल्या लोकांनी तो करार ओळ न् ओळ तपासून लोकांपुढे मांडला. 1995 ची विधानसभा निवडणूक एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर गाजली. सरकार बदललं, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला. आणि काही महिन्यांत तोच करार परत आला, क्षमता वाढवून! केंद्राची हमी मंजूर झाली ती 1996 मध्ये, वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारच्या काळात. 1999 मध्ये वीज आली, 2001 मध्ये बोर्डाने ती घेणं थांबवलं, त्याच वर्षाच्या शेवटी एन्रॉन बुडाली. बोर्डातल्या माणसाच्या घरात तेव्हा जेवताना दुसरा विषय नसायचा. "मत देऊन करार रद्द होत नाही रे, फक्त सही करणारा बदलतो," हे बाबांचं तेव्हाचं वाक्य.

जॉर्जियातल्या मतदानाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो ते यामुळे. 1995 मध्ये महाराष्ट्रातल्या माणसाकडे एकच मत होतं. त्यातच एन्रॉन, कापसाचा भाव, मुंबईची दंगल, जात, स्थानिक आमदाराचं लग्नाला येणं-न येणं, सगळं कोंबायचं होतं. त्या मताचा अर्थ निवडून आलेल्यांनी हवा तसा लावला. इथे नोव्हेंबरात आमच्या भागात मतपत्रिका जेमतेम दोन ओळींची. राष्ट्राध्यक्ष नाही, सिनेट नाही, गव्हर्नर नाही. प्रश्न एकच: वीजदर ठरवायला हा माणूस हवा की तो? इतका सुटा प्रश्न मला आयुष्यात कुठल्याही मतपत्रिकेने विचारला नव्हता.

अशी सुटी निवडणूक व्हावी हा मुद्दाम केलेला बेत नव्हता. ती 2022 मध्येच व्हायची होती. पण राज्यभरातून मतदान घेतलं की कृष्णवर्णीय मतदारांच्या मताला किंमत राहत नाही, अशी तक्रार घेऊन अटलांटाचे काही मतदार कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने ते मान्य करून निवडणुका थांबवल्या, वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये हात घातला नाही. तोवर जुने सदस्य खुर्चीतच. 2021 मध्ये गव्हर्नरने नेमलेले फिट्झ जॉन्सन तर 2025 पर्यंत एकदाही लोकांपुढे गेले नव्हते. आणि ज्या राज्यव्यापी मतदानाविरुद्ध दावा होता, त्याच मतदानातून ॲलिशिया जॉन्सन निवडून आल्या, कृष्णवर्णीय आणि स्त्री. यावर हसावं की नाही मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता माझी स्वतःची एक अडचण. माझ्या घरी जॉर्जिया पॉवरची वीज येतच नाही! अटलांटाच्या उत्तरेला बऱ्याच ठिकाणी असते तशी आमची सहकारी संस्था आहे, ग्राहकच सभासद. (बाबांना सांगितल्यावर त्यांनी लगेच मुळा-प्रवरा काढली, नगर जिल्ह्यातली वीज सहकारी संस्था.) सहकारी संस्थांचे दर हा आयोग ठरवत नाही. मग मी मत कुठल्या नात्याने दिलं? ग्रुपवर एकाने हेच विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की व्होगलमध्ये सहकारी संस्थांच्या वीज उत्पादन कंपनीचा 30 टक्के वाटा आहे. आयोगाने 2017 मध्ये "पुढे जा" म्हटलं त्याचं बिल आमच्याही मीटरवर येतंच, फक्त फिरून येतं.

म्हणजे एमईआरसीचीही निवडणूक घ्यावी का? नको. आपल्याकडे थेट सरपंच 2017 मध्ये आणला, 2020 मध्ये काढला, 2022 मध्ये परत आणला. ज्याला जेव्हा सोयीचं, तेव्हा त्याने. वीज आयोगाचंही तेच होईल आणि प्रचाराचा खर्च कोण करेल हे सांगायला ज्योतिषी नको. इथेही तो धोका आहेच. पण आपल्या आयोगावर आज कोण बसलंय, हे बिलावर तावातावाने बोलणाऱ्या दहा जणांना विचारा. मी चिपळुणातल्या मित्रांना विचारलं. एकालाही एक नाव आलं नाही. सुनावणीला कोण जातं? तेच चार जागरूक म्हातारे, हातात फायली घेऊन.

आणि इथे सगळं मार्गी लागलं असंही नाही. नवे दोघे जानेवारीत बसणार, तर डिसेंबरात जुन्या आयोगाने जवळपास 10,000 मेगावॉट नवी क्षमता मंजूर करून टाकली, मुख्यतः डेटा सेंटरसाठी. कोयनेचे सगळे टप्पे मिळून 1,960 मेगावॉट. म्हणजे पाच कोयना! पोफळीतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत बघत मोठा झालेला माणूस हे आकडे असेच मोजतो. पाचात अजून तीन जुनेच आहेत. त्यात हबर्ड यांना मिळालेली मुदत एकच वर्षाची, 2026 मध्ये त्यांना पुन्हा उभं राहायचंय. तेव्हा वर गव्हर्नर असेल, सिनेट असेल, आणि ही ओळ परत तळाशी जाईल, मी कोरी सोडायचो तिथे.

हे सगळं बाबांना समजावून सांगायला अर्धा तास लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. मग आता तिथे युनिट कितीला पडतं?"

"तेवढ्यालाच, बाबा."

"हं. जानेवारीचं बिल आलं की फोटो पाठव. स्थिर आकार वेगळा दाखवतात का बघायचंय मला."