खेडला लढाई झाली होती, आणि ती थैल्यांनी जिंकलेली नव्हती

गोव्यातल्या मराठी गटांमध्ये सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. पेडण्याहून फोंड्याला जातो, तिथून डिचोलीला, आणि पुन्हा नव्या शीर्षकाने पेडण्याला परत येतो. त्याचा सारांश असा. १७०७ मध्ये खेडला राजाराम महाराजांच्या पत्नी ताराराणी आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांच्या फौजा समोरासमोर आल्या, पण लढाई झालीच नाही, कारण सेनापती धनाजी जाधव आधीच विकला गेला होता. पैसे पेशव्यांनी मोजले. शाहूला मोगलांनीच पाठवलं होतं आणि त्यांच्याच बळावर तो गादीवर बसला. त्या दिवशी यादवी संपली. शेवटी खास आमच्यासाठी एक ओळ: हे घाटावरचं भांडण, गोमंतकाला त्याची झळ नव्हती. सोबत एका डोंगरी किल्ल्याचं छायाचित्र.

छायाचित्र रसाळगडाचं आहे. तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात येतो. कोकण रेल्वेने मुंबईला जाताना आपल्याला लागतं ते हे खेड, म्हणून गोव्यात कोणाला शंका येत नाही. लढाई झाली ती भीमेच्या काठच्या खेडला, पुण्याच्या उत्तरेला, ज्याला आज राजगुरुनगर म्हणतात. खानदेशातून नगरकडे आणि तिथून साताऱ्याकडे निघालेला माणूस रत्नागिरीत कशाला उतरेल? मजकूर लिहिणाऱ्याने नकाशा उघडला नव्हता, एवढं यावरून कळतं.

आता मोगलांचं. यात अर्धं खरं आहे, आणि ते आधी मान्य केलेलं बरं. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी नगरजवळ वारला. त्याचा मुलगा आझमशाह तख्तासाठी उत्तरेकडे धावला, छावणीबरोबर कैदेतले शाहूही निघाले, आणि मे महिन्यात भोपाळच्या बाजूला दोराहे इथे त्यांना सोडण्यात आलं. शाहू दक्षिणेत गेले की मराठ्यांमध्ये फूट पडेल, हा मोगल सरदार झुल्फिकारखानाचा हिशेब होता. बादशाहीचे मांडलिक म्हणून राहू, असं कबूल करूनच शाहू सुटले. इथपर्यंत मजकुराशी माझं भांडण नाही.

पण सोडणं वेगळं आणि फौज देणं वेगळं. ज्याने सोडलं तो आझमशाह पुढच्याच महिन्यात आग्र्याजवळ जाजवच्या लढाईत भावाकडून मारला गेला. ऑक्टोबरात शाहू भीमेवर उभे होते तेव्हा पाठीशी मोगल फौज नव्हती. होते ते परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर, चिमणाजी दामोदर, आणि खानदेशातले वाटेत येऊन मिळालेले लहानमोठे सरदार. मातोश्री येसूबाई मात्र ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिल्या. त्या सुटून आल्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना घेऊन आले तेव्हा. शाहू मोगलांचेच असते, तर त्यांच्या आईला बारा वर्षं अडकवून ठेवायची मोगलांना गरज काय होती?

आणखी एक गोष्ट मजकुरात येतच नाही. १७०९ मध्ये नवा बादशाह बहादुरशाह दख्खनेत असताना शाहू आणि ताराराणी या दोघांचेही वकील त्याच्याकडे मागणी घेऊन गेले होते. शाहूंची बाजू झुल्फिकारखानाने मांडली, ताराराणींच्या मुलाची वजीर मुनीमखानाने. बादशाहाने कोणा एकाच्या पदरात काही टाकलं नाही. आपसांत लढा, जिंकेल त्याचं पाहू, असा त्याचा पवित्रा होता. म्हणजे मोगल दरबार दोन्ही दारं उघडी ठेवून बसला होता, आणि दोन्ही मराठी गाद्या त्या दारांत उभ्या होत्या.

खरा वाद धनाजी जाधवांचा. मजकूर सगळ्यात जास्त पसरला तो या एका वाक्यामुळे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

ताराराणींनी शाहू येताहेत हे कळताच जाहीर केलं की हा तोतया आहे. आज आपल्याला हे हट्टाचं बोलणं वाटतं. पण हिशेब करून पाहा. शाहूंचा जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचं ते पोर आईबरोबर मोगलांच्या हाती गेलं. परत आलं ते पंचवीस वर्षांचं, वाढलेलं बादशाही छावणीत. महाराष्ट्रात त्यांचा चेहरा ओळखणारी माणसं किती उरली होती? तोतया म्हणणं राजकीय सोयीचं होतंच, पण ते साफ अविश्वसनीय नव्हतं. निदान सरदारांना तपास करावासा वाटला, इतपत तरी त्यात वजन होतं.

तो तपास खंडो बल्लाळ चिटणिसांनी केला. हे नाव गोव्यात परकं नसावं. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी जुवे बेटावर हल्ला केला, तेव्हा कुंभारजुव्याच्या बाजूला भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा वाहू लागला आणि ज्याने उडी टाकून त्यांना सावरलं तो हाच खंडो बल्लाळ, असं बखरी सांगतात. संभाजी महाराजांच्या मुलाला ओळखायला याहून योग्य माणूस त्या फौजेत कोण होता? खंडो बल्लाळ शाहूंना जाऊन भेटले, परत आले आणि हे खरेच शाहू आहेत असं त्यांनी धनाजींना सांगितलं. धनाजी फिरले ते या साक्षीनंतर.

चिटणीसही विकला गेला होता, असं म्हणायचं असेल तर त्यांच्या मागचं आयुष्य पाहावं लागेल. जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना बाहेर काढण्यासाठी मोगलांकडे असलेल्या गणोजी शिर्क्यांची मदत हवी होती. शिर्क्यांनी मोबदल्यात दाभोळचं वतन मागितलं आणि खंडो बल्लाळांनी ते आपलं वतन सोडून दिलं, अशी परंपरा आहे. धन्यासाठी वतनावर पाणी सोडणारा माणूस दहा वर्षांनी एखाद्या थैलीला भुलला, हे पटवायला नुसतं ठासून सांगणं पुरत नाही.

धनाजींना शाहूंकडून काहीच मिळालं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सेनापतिपद त्यांच्याकडे कायम राहिलं. पण ते पद आधीपासूनच त्यांचं होतं. जे आपल्याच घरात आहे त्यासाठी कोणी बाजू बदलत नाही. फार तर ते जाणार नाही एवढी खात्री करून घेतो. त्या काळचे सगळेच सरदार ती करून घेत होते, ताराराणींकडे राहिलेलेसुद्धा.

यात आणखी एक धागा आहे. ताराराणींनी आपल्या कारभाऱ्यांकडून दूधभातावर शपथ घेतली होती. खुद्द राजाराम महाराजांनी मात्र एका पत्रात, शाहू परत आले की राज्य त्यांचंच, या आशयाचं लिहून ठेवलेलं होतं. एकीकडे शपथ, दुसरीकडे थोरल्या घराचा हक्क. या कात्रीत सापडलेल्या शंकराजी नारायण सचिवांनी कोणतीच बाजू न घेता जीव दिला. भोरजवळ आंबवड्याला त्यांची समाधी आहे. प्रश्न पैशाचाच असता तर सचिवांना मरायचं कारण नव्हतं. भाव वाढवून घेता आला असता.

आणि मला खटकतं ते हे की मजकूर ताराराणींची बाजू घेतो असं दाखवत त्यांनाच लहान करतो. त्यांचा खरा युक्तिवाद भक्कम होता. संभाजी महाराजांचं राज्य १६८९ मध्ये गेलं. नंतर जे उभं राहिलं ते राजाराम महाराजांनी आणि १७०० नंतर सात वर्षं स्वतः ताराराणींनी औरंगजेबाशी लढून मिळवलेलं. तेव्हा त्यावर हक्क राजारामपुत्र शिवाजीचा. हा मुद्दा खोडायला शाहूंच्या बाजूलाही सोपा गेला नव्हता. मजकुरात तो कुठेच नाही. तिथे आहे फक्त सेनापतीने फसवलेली एक बिचारी राणी. पंचविशीत राज्याची सूत्रं हाती घेऊन औरंगजेबाला अखेरपर्यंत झुंजवणाऱ्या बाईला बिचारी ठरवायला हिंमत लागते.

लढाई झालीच नाही, हेही चूक. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडला ताराराणींच्या बाजूने परशुराम त्रिंबक प्रतिनिधी लढले. धनाजींची मुख्य फौज बाजूला झाल्यावर त्यांचा टिकाव लागला नाही आणि ते साताऱ्याकडे मागे हटले. शाहूंनी पुढे चाकण घेतलं, मग साताऱ्याला वेढा घातला. प्रतिनिधी किल्ला सोडेनात. शेवटी किल्ल्यावरच्या शेख मिराचं वाईतलं कुटुंब शाहूंनी ताब्यात घेतलं, आणि शेख मिराने प्रतिनिधींना धरून दरवाजे उघडले. ही गोष्ट शाहूंच्या मोठेपणात भर घालत नाही. कोणाला शाहूंवर टीकाच करायची असेल तर ती इथे करावी, पुरावा हाताशी आहे. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला.

रक्त तर खेडच्याही आधी सांडलं होतं. वाटेत पारद गावी पाटील लोखंड्यांनी शाहूंना अडवलं, चकमक झाली, पाटील पडला. त्याच्या बायकोने आपलं लहान मूल शाहूंच्या पालखीत टाकलं. ते मूल शाहूंनी सांभाळलं आणि पहिल्या विजयाची खूण म्हणून त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं. अक्कलकोटच्या राजघराण्याचे मूळपुरुष ते हेच. स्वामींच्या दर्शनाला गोव्याहून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्या संस्थानाची सुरुवात या यादवीच्या पहिल्या चकमकीत झाली?

पेशव्यांनी पैसे मोजले, हे एका वाक्यात निकालात निघतं. बाळाजी विश्वनाथ तेव्हा धनाजींच्या पदरी वसुलीचं काम पाहत होते आणि पेशवेपद त्यांना १७१३ मध्ये मिळालं. धनाजी-शाहू बोलण्यांत ते मध्यस्थ असतील, पण सेनापतीला विकत घेण्याइतकी ऐपत त्या कारकुनाची नव्हती.

यादवी त्या दिवशी संपली म्हणणाऱ्याने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधल्या वारणेच्या तहाचं साल पाहावं: १७३१. खेडनंतर चोवीस वर्षं. १७०८ मध्ये शाहूंनी पन्हाळा घेतला, रांगण्याला वेढा घातला. पावसाळा तोंडावर आला, किल्ला पडेना, शाहू परतले. ताराराणींनी पन्हाळा पुन्हा मिळवला आणि तिथून कोल्हापूरची वेगळी गादी उभी राहिली. धनाजी त्याच साली वारले, आणि त्यांचा मुलगा चंद्रसेन तीन वर्षांत शाहूंना सोडून ताराराणींकडे गेला. बापाला फितूर म्हणणाऱ्या मजकुरात मुलाचा पत्ता नाही, कारण मग हिशेब जुळत नाही.

राहिला गोमंतकाचा प्रश्न. रांगणा कुडाळच्या डोक्यावर आहे. त्या वेढ्याच्या वेळी ताराराणी मालवणला उतरल्या होत्या, म्हणजे पेडण्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. आणि पेडणे, डिचोली, सत्तरी हा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता, सावंतवाडीच्या सावंतांचा होता. पोर्तुगीजांकडे तो गेला अठराव्या शतकाच्या शेवटी. विजरई कायतान द मेलो इ कास्त्रो याने १७०५ मध्ये सावंतांवर चाल करून हळदोण्याजवळचं खोर्जुवें बेट घेतलं आणि तिथला किल्ला बांधून काढला, तो आजही उभा आहे. एका अंगाला पोर्तुगीज, घाटमाथ्यावर मराठ्यांच्या दोन गाद्या, अशा पेचात खेम सावंतांनी शाहूंची बाजू धरली आणि आपल्या मुलखाची सनद त्यांच्याकडून करून घेतली. खेडला निकाल उलटा लागला असता तर ती सनद पन्हाळ्याहून मागावी लागली असती, आणि डिचोलीचा सारा कोणाच्या नावाने गोळा करायचा हेही त्यावरच ठरलं असतं.