पडलेला मका आणि गेलेला मका: गुहागरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

वाऱ्याने पडलेल्या मक्याचं नुकसान ड्रोनने मोजावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "मका पडला हे बांधावर उभ्या पोरालाही दिसतं, त्याला वरून बघायला यंत्र कशाला? मुळात कोकणात मका लावतो कोण? पंचनामा तलाठ्याच्या सहीने होतो, फोटोने नाही. आणि यंत्र काटेकोर मोजायला लागलं तर गरिबाच्या पदरात पडतं तेवढंही जाईल." प्रतिक्रियेच्या चौकटीत याचं उत्तर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

मका कोण लावतो, हे आधी. आपला मुलूख भाताचा आणि बागायतीचा, यात वाद नाही. पण पावसाळ्यात वरकस जमिनीवर कणसांसाठी, आणि भात निघाल्यावर पाणी असेल तिथे स्वीट कॉर्न, असे चार-पाच गुंठ्यांचे तुकडे आता बऱ्याच गावांत दिसतात. तुकडा लहान असला की त्याचं नुकसान कोणाच्या खिजगणतीत नसतं. मला बोलायचंय ते याच तुकड्यांबद्दल.

बांधावरून दिसतं म्हणता, पण तुरा आलेला मका पुरुषभर उंच असतो. कडेच्या दोन-तीन ओळींपलीकडे नजर जात नाही. वारा गडग्याच्या खिंडारातून शिरतो आणि आत कुठेतरी पट्टाच्या पट्टा झोपवतो, कडा मात्र उभ्या. कधी नेमकं उलट होतं. एकूण क्षेत्रापैकी किती पडलं हे बांधावरून सांगणारा माणूस अंदाजच सांगतो.

पण खरी गोम पुढे आहे. पडलेला सगळा मका गेलेला नसतो. भिजलेल्या जमिनीत मुळं सैल होऊन ताट कललं, तर कोवळं पीक दोन-चार दिवसांत शेंड्याकडून वळून पुन्हा वर उठतं. खाली बाक राहतो, पण कणीस धरतं. विस्कॉन्सिनमध्ये ओल्या जमिनीत मका मुद्दाम हाताने आडवा करून पाहिला होता. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. दहा-बारा पानांवर असताना पाडलेल्या मक्याचं उत्पन्न २ ते ६ टक्के घटलं, तेरा ते पंधरा पानांवर ५ ते १५ टक्के, आणि सतरा पानं आल्यानंतर, म्हणजे तुऱ्याच्या सुमाराला, १३ ते ३१ टक्के. आडवेपणा तोच, नुकसान मात्र कितीतरी पट वेगळं. दुसरा प्रकार ताट मोडण्याचा. झपाट्याने वाढणारं ताट ठिसूळ असतं, पेरापाशी काडकन तुटतं. कणसाच्या खाली तुटलं तर त्या झाडाचं कणीस गेलंच.

पहिल्या दिवशी वरून काढलेल्या फोटोत हे दोन्ही प्रकार जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून मी दोन उड्डाणं सुचवली होती. पहिलं वारा शांत झाल्याबरोबर, पुराव्यासाठी. दुसरं साधारण आठवड्याने, हिशेबासाठी. तोवर कललेल्यांचे शेंडे वर वळलेले असतात, मोडलेली पिवळी पडून सुकायला लागलेली असतात. ड्रोन एकमेकांवर चढणारे फोटो घेतो, ते जोडून शेताचा एकसंध नकाशा होतो. त्याच फोटोंतून पिकाची उंचीही काढता येते, त्यामुळे उभा भाग आणि आडवा भाग वेगळे मोजता येतात. मग नकाशा हातात घेऊन शेतात उतरायचं आणि शंकेच्या जागी ताट बुडाशी धरून बघायचं. आधारमुळं मातीत धरून आहेत का? पेर फुटलंय का? हे काम माणसाचंच आहे, आणि ते ड्रोनवर सोपवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. कुठे उतरायचं, एवढं ड्रोन सांगतो.

उपग्रह का नाही, असं एका मित्राने विचारलं होतं, त्याचंही इथेच सांगतो. अमेरिकेत १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवा राज्यात वादळी वाऱ्याने मैलोन् मैल मका झोपवला, तो उपग्रहातून स्पष्ट दिसला. तिथली शेतं अफाट. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला सर्वात बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. आपला पाच गुंठ्यांचा तुकडा त्यात पाच ठिपके, तेही आभाळ मोकळं असेल तर. श्रावणात कोकणावर आभाळ मोकळं कधी असतं? ड्रोन ढगांच्या खालून उडतो.

आता तुमचा शेवटचा मुद्दा. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पंचनाम्याला येणारा माणूस शेतकऱ्याचं तोंड बघून दोन टक्के वाढवून लिहितो, हे तुम्ही पाहिलं असेल. पण नजरअंदाज जसा वाढतो तसा घटतोही. रस्त्याकडेचं शेत नीट बघितलं जातं, सड्यावरचं लांबूनच लिहिलं जातं. सरकारी मदतीला किमान ३३ टक्के नुकसान लागतं. तिथे कोणी ३० लिहिलं तर हातात शून्य. दहा गुंठ्यांतले साडेतीन गुंठे मोडून गेलेत, हे ज्याच्याजवळ मोजून आहे तो तलाठी आणि कृषी सहायकांसमोर हक्काने बोलू शकतो. सही त्यांचीच राहील, पण भांडायला आपल्याजवळ कागद हवा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांत माड-पोफळी घरांवर, वाटांवर पडल्या होत्या. पंचनाम्याची वाट बघत घरावरचा माड कोण तसाच ठेवील? लोकांनी तोडून बाजूला केलं, आणि त्याबरोबर पुरावाही गेला. पोफळी मोजण्यात ड्रोनला मर्यादा आहेत, माडाच्या झावळ्यांखालचं त्याला दिसत नाही. तरी पडझडीचा त्याच आठवड्यातला फोटो हाती असणं आणि नसणं यात फार फरक आहे.

माझी अट एकच आहे आणि ती मी सोडणार नाही. फोटो आणि नकाशा शेतकऱ्याच्या हातात राहिला पाहिजे, आणि शेतात न उतरता नुसत्या वरच्या चित्रावरून कोणाचाही अर्ज नाकारता कामा नये. तसं कुठे झालं तर तुमच्या बाजूने सगळ्यात आधी मी लिहीन.

खर्चाचं म्हणाल तर एकट्याने ड्रोन घ्यायची गरज नाही. गावकीने किंवा बचत गटाने मिळून एखाद्या प्रशिक्षित मुलाला बोलवावं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे मोकळ्या हवाई क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उडवता येतं. रत्नागिरी आणि चिपी विमानतळांच्या आसपास आधी परवानगीचं बघावं लागतं. आणि वारा पुरता पडल्याशिवाय उडवू नये, लहान ड्रोन वाऱ्यात टिकत नाही.

तुमच्याकडे यंदा मका असेल तर ई-पीक पाहणीत तो मका म्हणूनच नोंदवा. सातबाऱ्यावर भात आणि शेतात मका असेल, तर कुठलाच फोटो कामाला येणार नाही. आणि पीक उभं असतानाचा एक फोटो वरून काढून ठेवा, पडल्यावर तुलना त्याच्याशीच होणार आहे.