एमआरआय ‘स्वच्छ’ आला म्हणजे अपस्मार नाही?

सध्या एक संदेश सर्वत्र फिरतो आहे. एमआरआय स्वच्छ आला तर अपस्मार नाही, झटके मानसिक आहेत. खरा अपस्मार असेल तर गोळ्या बदलत राहण्यापलीकडे काही करता येत नाही. आणि मेंदूची शस्त्रक्रिया केली की स्मरणशक्ती जाते, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. माझ्या संशोधनाची बहुतेक वर्षे अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूच्या प्रतिमा अभ्यासण्यात गेली, म्हणून यावर गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. अपस्मार हा मेंदूतील विद्युत्-क्रियेचा बिघाड असतो, तर एमआरआय दाखवतो ती मेंदूची रचना. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २०१४ सालच्या व्याख्येत चोवीस तासांहून अधिक अंतराने, तात्कालिक कारणाशिवाय आलेले दोन झटके निदानाला पुरेसे मानले आहेत. एमआरआयमध्ये दोष दिसलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही. किशोरवयात सुरू होणाऱ्या मायोक्लोनिक (स्नायूंना अचानक हिसके देणाऱ्या) अपस्मारात तर एमआरआय बहुधा निर्दोषच येतो. मानसिक कारणांनी येणारे झटके असतात, हे खरे. परंतु त्यांचे खात्रीशीर निदान झटका चालू असताना केलेल्या व्हिडिओ-ईईजीवरून (चित्रीकरणासोबत घेतलेल्या मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या नोंदीवरून) होते, आणि काही रुग्णांत दोन्ही प्रकारचे झटके आढळतात.

शिवाय ‘स्वच्छ’ हा शब्द एमआरआय कसा काढला आणि कोणी वाचला यावर अवलंबून असतो. डेव्हिड टेलर व सहकाऱ्यांनी १९७१ साली वर्णन केलेली मेंदूच्या बाह्यस्तरातील जन्मजात विकृती कधी कधी एखाद्या घडीच्या तळाशी इतकी लहान असते की जाड छेदांच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये ती सहज निसटते. म्हणूनच २०१९ साली याच संघटनेच्या तज्ज्ञगटाने सुमारे एक मिलिमीटरच्या त्रिमितीय प्रतिमांचा आणि हिपोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूभागाच्या अक्षाला काटकोनात घेतलेल्या छेदांचा आग्रह धरला. तरीही काही सापडले नाही, तर पेशी ग्लुकोज किती वापरतात हे दाखवणाऱ्या पेट (पीईटी) तपासणीत ते कमी वापरणारा भाग दिसू शकतो. जुनाच एमआरआय झटक्यांचे नेमके वर्णन हाताशी ठेवून पुन्हा वाचला की दोष सापडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

गोळ्यांविषयीचे विधान अर्धसत्य आहे. क्वान आणि ब्रॉडी या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासात पूर्वी उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधावर झटकेमुक्त झाले; दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने त्यांत केवळ १४ टक्क्यांची भर पडली. म्हणूनच योग्य निवडलेली आणि नीट घेतलेली दोन औषधे अपयशी ठरली की रुग्णाला अपस्मार केंद्रात पाठवावे. तिसरी, चौथी, पाचवी गोळी पाहण्यात गेलेली वर्षे परत येत नाहीत. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून अचानक बंद करू नये. त्यातून जीवघेणा, न थांबणारा झटका येऊ शकतो.

स्मरणशक्तीच्या भीतीमागे एक खरी घटना आहे. १९५३ साली एका रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिपोकॅम्पस काढले गेले आणि नव्या आठवणी साठवण्याची त्याची क्षमता कायमची गेली. आज शस्त्रक्रिया एकाच बाजूला करतात, आणि त्याआधी स्मृतीच्या चाचण्या व एफएमआरआयने (काम करत असलेला मेंदूचा भाग दाखवणाऱ्या एमआरआयने) भाषा मेंदूच्या कोणत्या बाजूला आहे ते तपासतात. भाषेच्या बाजूचा टेम्पोरल लोब (कानशिलाजवळचा मेंदूचा भाग) काढल्यास शब्दस्मृती घटू शकते. हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे. दुसऱ्या पारड्यात वीब व सहकाऱ्यांची २००१ सालची चाचणी ठेवावी : टेम्पोरल लोबचा अपस्मार असलेल्या ८० रुग्णांपैकी शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्या गटातील ८ टक्के रुग्ण वर्षअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते.