ज्यांनी दगड मारले, त्यांच्याच बैठकीला जाणं

खाण थांबवायची असेल तर आधी खाण हवी म्हणणाऱ्यांच्या घरी जा, असं मी म्हटलं की आमच्या खाणविरोधी ग्रुपवरचे निम्मे लोक माझ्याकडे संशयाने बघायला लागतात. "हा फुटला वाटतं." म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण मी ती सिंधुदुर्गात बसून लिहितोय, हे ध्यानात ठेवून वाचा.

विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात क्रँडन नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळ मोल लेकला सोकाओगन ओजिब्वे या आदिवासी समाजाची चिमुकली राखीव जमीन, आणि त्या जमिनीत राइस लेक हे उथळ, गोड्या पाण्याचं तळं. या तळ्यात भात आपोआप उगवतो. ते त्याला मनोमिन म्हणतात. उन्हाळा सरता सरता दोघं दोघं होडीतून जातात. एक जण लांब काठीने होडी रेटतो, दुसरा लोंब्या होडीवर वाकवून दोन काठ्यांनी दाणे झोडतो. पाण्यात सांडलेले दाणे हेच पुढच्या वर्षाचं बियाणं. आपण ऋषिपंचमीला नांगर न लागलेला देवभात खातो, त्याच्याच जातकुळीतलं हे. फक्त आपलं एका दिवसाचं व्रत, तर त्यांचं ते अन्नही आणि देवाचं देणंही. या भातासाठी 1806 मध्ये ओजिब्वे आणि डकोटा यांच्यात लढाई झाली होती. तिचा फलक आजही तिथे उभा आहे.

1975 मध्ये एक्सॉन कंपनीला या तळ्याच्या वरच्या अंगाला जस्त आणि तांब्याचा मोठा साठा सापडला, सुमारे साडेपाच कोटी टन. कंपनी राखीव जमिनीतही खनिज शोधायची परवानगी मागायला 20,000 डॉलरचा चेक घेऊन गेली. आदिवासींच्या कौन्सिलने तो चेक फाडून टाकला. तेव्हा हा समाज म्हणजे काही शे माणसं, हातात पैसा नाही, आणि समोर जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक.

त्यांची भीती काय होती? हे खनिज गंधकयुक्त, म्हणजे सल्फाइडचं. असला दगड फोडून वर आणला आणि त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं, आणि त्या आम्लात जड धातू विरघळून वाहायला लागतात. एकदा सुरू झालं की खाण बंद झाल्यावरही ते पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू शकतं. शिवाय खाण भुयारी. ती कोरडी ठेवायला जमिनीतलं पाणी सतत उपसावं लागणार. हा भात पाण्याच्या पातळीबाबत फार नाजूक आहे, थोडी वर-खाली झाली तरी पीक जातं. आणि राइस लेकमधून निघणारं पाणी पुढे वुल्फ नदीला मिळतं, जिच्या काठावर खाली मेनॉमिनी लोकांचं जंगल आहे आणि ट्राउट मासे धरायला येणाऱ्या गोऱ्या हौशी मच्छीमारांच्या पिढ्या आहेत.

आता या गोऱ्या मच्छीमारांबद्दल, कारण मला सांगायचं आहे ते इथेच आहे.

एकोणिसाव्या शतकात जमिनी सोडून देताना ओजिब्वे लोकांनी करारात एक हक्क राखून ठेवला होता, त्या मुलखात शिकार आणि मासेमारी करण्याचा. राज्य सरकारने तो कधी मानलाच नाही. 1983 मध्ये फेडरल अपील कोर्टाने तो मान्य केला. ओजिब्वे लोक वसंतात रात्री दिवे लावून, भाल्याने वॉलआय मासे मारायला तळ्यांवर जाऊ लागले आणि गोरे लोक खवळले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस होड्या सोडायच्या धक्क्यांवर जमाव जमायचा, दगड फेकायचा, शिव्या द्यायचा. "वॉलआय वाचवा, इंडियन मारा" अशा अर्थाच्या घोषणा असायच्या. बायकापोरांसमोर. पोलीस बंदोबस्ताशिवाय आदिवासींना पाण्यात उतरता येत नव्हतं.

एक्सॉन 1986 मध्ये भाव पडल्यावर गेली होती, ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला भागीदार घेऊन परत आली. आणि मग हे दोन गट एका टेबलाशी आले! प्रेमाने नव्हे. मच्छीमारांच्या लक्षात आलं की पाणीच मेलं तर भाल्याने मारायचा की गळाने, हे भांडण उरतच नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या कराराच्या हक्कांना आपण शिव्या घातल्या तेच हक्क या नदीचं सर्वांत भक्कम कुंपण आहे, हे त्यांना कळलं. मोल लेकच्या लोकांनी 1995 मध्ये आपल्या पाण्याची गुणवत्ता ठरवण्याचा अधिकार फेडरल यंत्रणेकडून मिळवला. राज्य सरकार त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि हरलं.

मला त्या आदिवासींचं जास्त कौतुक वाटतं. दगड झेललेल्या माणसाने दगड मारणाऱ्यांच्या गावातल्या हॉलमध्ये जाऊन नकाशा उलगडायचा, ही साधी गोष्ट नाही. 1996 मध्ये आदिवासी आणि गोरे कार्यकर्ते नदीकाठच्या गावागावांत एकत्र बोलत फिरले. कंपनीनेही नकळत मदत केली. वुल्फ नदीला विरोध वाढतोय म्हटल्यावर तिने सांडपाणी पाइपलाइनने विस्कॉन्सिन नदीत सोडायचं ठरवलं. झालं, दुसऱ्या नदीकाठचे लोकही उठले.

नॅशव्हिल नावाच्या तिथल्या टाउनचा किस्सा तर आपल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत शोभेल. तिथल्या बोर्डाने 1996 मध्ये कंपनीशी करार करून टाकला. पुढच्या निवडणुकीत लोकांनी बोर्डच बदललं, आदिवासी आणि गोऱ्यांनी मिळून, आणि नव्या बोर्डाने तो करार रद्द केला.

एप्रिल 1998 मध्ये राज्याने कायदा केला. गव्हर्नर रिपब्लिकन, टॉमी थॉम्पसन. विधिमंडळात दोन्ही पक्षांची भरघोस मतं. कायदा थोडक्यात असा: सल्फाइडची खाण हवी असेल तर आधी अशी एक खाण दाखवा जी दहा वर्षं प्रदूषण न करता चालली, आणि अशी एक दाखवा जी बंद होऊन दहा वर्षं झाली तरी प्रदूषण करत नाही.

हे वाचून मला आपल्याकडच्या जनसुनावण्या आठवतात. पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला पैसे कोण देतं? खाण काढणाराच. जाडजूड अहवाल इंग्रजीत, मराठीत मिळतो तो सारांश. आणि नुकसान होणार हे सिद्ध करायचं कोणी, तर ज्याच्या पोफळी जाणार त्या शेतकऱ्याने, माइकवर, दोन मिनिटांत. (एका सुनावणीत माइक नेमका आमच्या वेळेला बंद पडला. असो.) 2021 च्या जुलैत इथल्याच, दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याच्या खाणीचा बांध फुटून चिखल वस्तीत शिरला, तेव्हा जे "पुरावा द्या" म्हणत होते ते कोणी दिसले नाहीत.

आता कमेंटमध्ये येणारच आहे म्हणून आधीच लिहितो. हो, शेवटी ते पैशाने जिंकले. ऑक्टोबर 2003 मध्ये मोल लेक आणि शेजारच्या पोटावाटोमी समाजाने ती खाणीची जागा आणि कंपनीच 1 कोटी 65 लाख डॉलरला विकत घेतली. पोटावाटोमींचा पैसा कॅसिनोचा. आणि हो, तो कायदा 2017 मध्ये स्कॉट वॉकर गव्हर्नर असताना रद्दही झाला. मग आंदोलनाने काय मिळवलं? अठ्ठावीस वर्षं. या काळात मालक बदलत गेले, आणि शेवटच्या मालकाला ती खाण काढण्यापेक्षा विकून टाकणं परवडलं. कुठलीही कंपनी सोन्याची खाण म्हणून घेतलेली गोष्ट सहजी विकत नाही. तिला विकायला भाग पाडलं ते त्या उशिराने, आणि उशीर झाला कारण गोरे आणि आदिवासी फोडता आले नाहीत.

आपल्याकडे फोडायला काही लागत नाही. गोव्यात फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा पणजीत रस्त्यावर उतरले ते ट्रकवाले, बार्जवाले, मशीनवाले. आपण त्यांना कंपनीचे हस्तक म्हणून मोकळे झालो. काही असतीलही. पण ज्याने ट्रकसाठी घर गहाण टाकलंय, त्याच्याशी आपल्यातलं कोण जाऊन बोललं? मी एकदा विचारायला गेलो होतो, तर त्याने मलाच विचारलं, "माझो हप्तो कोण भरतलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पर्यावरणावर मी तासभर बोलू शकतो, हप्त्यावर एक वाक्य नाही.

तर माझी मागणी साधी आहे. पुढच्या सुनावणीच्या तयारीची पहिली बैठक देवळात किंवा शाळेत नको. ती ट्रकमालकांच्या अड्ड्यावर घ्या. बँकेचं काम कळणारा एक माणूस सोबत न्या, कर्जाची पुनर्रचना, दुसरीकडे भाडं मिळेल का, यावर आधी बोला. फलक, घोषणा, फेसबुक लाइव्ह काही नको. शिव्या पडतील, त्या ऐकून घ्या. ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा. "पण ते लोक कसे आहेत माहीत आहे का" असं लिहिणार असाल तर करू नका, मला माहीत आहे.