स्टेपनी चढवायची कुणी?

ट्रकला स्टेपनी कुठे बसवायची हे ठरवणाऱ्यांनी ती एकदा स्वतःच्या हातांनी चढवून दाखवावी. 10.00-20 मापाचं टायर, ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिंगमधली रबरी पट्टी) आणि लोखंडी रिंग मिळून 100 किलोच्या आसपास वजन होतं. आणि हे धूड लटकवायचं चेसिसखाली, जिथे सगळा चिखल उडतो! टायर वर-खाली करायला विंच, म्हणजे हाताने फिरवायची चरखी, असते, मान्य. पण तिला ग्रीस कोण लावतं? पावसाळा उलटला की गिअर जाम, नट गंजलेले. मग इंदूरजवळच्या मानपूरच्या घाटात, मागून गाड्या सुसाट येत असताना, ड्रायव्हर आणि क्लीनर पाठीवर पडून टॉमीने (लोखंडी पहारीने) ते टायर वर रेटत बसतात.

त्यात आमच्या इंदूरच्या लोहामंडीतली नवी तऱ्हा. लोखंड जास्त भरायचं म्हणून गाडीला 11.00-20 ची मोठी टायरं, स्टेपनी ठेवायचा पाळणा मात्र जुनाच. त्यात बसत नाही? मग बांधा केबिनच्या टपावर! वर चढवायला चार जण दोर ओढतात, आणि खाली घेताना सरळ ढकलून देतात. उसळी मारून ते कुणाच्या पायावर जाईल, देव जाणे. क्लीनर म्हणजे बहुतेक वेळा विशीतलं पोरगं. त्याची कंबर गेली तर मालक भरून देणार आहेत का?

वर मालक फोनवर ऐकवतात, "अरे भाऊ, जोर लावा, होतंय." नाही होत! टायर मोठं घेता तर पाळणाही मोठा करून घ्या, विंच बदला, निदान वजन उचलायला एक चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) तरी गाडीत ठेवा.