न विरघळणारी गोळी

गेल्या महिन्यात मामाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. दोन ग्लास, दोन्हींत व्हिनेगर. एकात आयुर्वेदिक वटी, दुसऱ्यात पँटोप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीवरची गोळी. थोड्या वेळात वटीचा गाळ होतो, पँटोप्राझोल तशीच पिवळीधमक. ‘ॲलोपॅथीची गोळी पोटात दगड होऊन बसते,’ असं मागून कुणीतरी सांगतं. त्याखाली अकरा जणांनी हात जोडले होते. माझं डोकंच फिरलं, ते अजून शांत झालेलं नाही.

मी इथे जर्मनीत, श्टुटगार्टजवळ, औषधांच्या गुणवत्ता तपासणीत काम करते. न फुटणारी गोळी हे माझं रोजचं काम आहे. काचेच्या सहा नळ्यांची टोपली असते, एकेका नळीत एकेक गोळी. ३७ अंशांच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ती टोपली मिनिटाला तीसेक वेळा खाली-वर होत राहते, चांगले दोन तास. त्यानंतर गोळी उजेडात धरायची. तडा दिसला तर माल नापास. मग ६.८ पीएचचं द्रावण, लहान आतड्यात असतं साधारण तसं. तिथे मात्र तासाभरात ती फुटलीच पाहिजे. पँटोप्राझोल आम्लात नासतं, म्हणून तर तिच्यावर आम्लात न विरघळणारा थर देतात. मामाच्या ग्लासात ती गोळी पास झाली होती! आणि बिनथराची साधी गोळी, जी पाण्यात पंधरा मिनिटांत फुटावीच लागते, ती या व्हिडिओवाल्यांना कधीच कशी सापडत नाही?

बरं, वटी फुटली म्हणजे औषध विरघळलं असंही नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आजी हळद दुधातून द्यायची, वर तुपाचा थेंब आणि मिरपूड. वैद्य खोकल्यावरची सितोपलादि मधातून घ्यायला सांगतात. औषध ज्याच्यासोबत घ्यायचं ते अनुपान, हा शब्द आपलाच ना? १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांवर तपासून दाखवलं, की मिऱ्यातलं पिपेरिन सोबत दिलं तर कर्क्युमिन शरीराला २००० टक्के जास्त मिळतं. आयुर्वेदाची बाजू घ्यायची तर हे सांगा. व्हिनेगरचा ग्लास कशाला?

इथे अपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल मिळतात, पोटाच्या मुरड्यावर. निव्वळ वनस्पती. खोक्यावर ‘मागेनझाफ्टरेझिस्टेंट’, जठररसात न विरघळणारी, असं छापलेलं. पोटातच फुटली तर छातीत जळजळतं, म्हणून ती आतड्यापर्यंत शाबूत न्यायची. झाडपाल्याचं आणि कारखान्याचं औषध एकाच नियमाने तपासायला इथे कुणाचा अभिमान आड येत नाही.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. मामाने उत्तर दिलं, ‘तुमच्या अपोथेकेत होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या पण मिळतात ना? त्यांना कोण तपासतं? तिकडे गेलीस आणि आपल्याच औषधांना नावं ठेवायला लागलीस.’ साखरेच्या गोळ्यांचं त्याचं म्हणणं खरं आहे, मी ते मुद्दामच लिहिलं नव्हतं. दुसरं वाक्य मात्र फार लागलं. माझ्या फडताळात आजही सितोपलादि आहे, साताऱ्याहून आणलेली. खोकला झाला की आधी हात तिकडेच जातो.

पण मी एवढी चिडले त्याचं कारण वेगळं आहे. तो व्हिडिओ बघून आई बाबांची पँटोप्राझोल खलबत्त्यात कुटून देत होती, तीन आठवडे. कुटलेली गोळी पोटातच नासणार. बाबांची जळजळ वाढली तेव्हा मला कळलं. ‘अगं, मला विचारायचं तरी,’ मी फोनवर ओरडले. ती म्हणाली, ‘तू इथे असतीस तर विचारलं असतं. तुझी ड्युटी, तुझी झोप, कधी फोन करायचा तेच कळत नाही.’

तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. आता सकाळी साडेसातला, नाश्त्याच्या आधी, ती व्हिडिओ कॉल लावते. माझ्या घड्याळात तेव्हा चार वाजलेले असतात. बाबा अख्खी गोळी जिभेवर ठेवून मला दाखवतात आणि पाण्याचा घोट घेतात.